फवारणीच्या टाकीजवळची माती उन्हात कशी साफ करायची: प्रकाश-उत्प्रेरकाची टप्प्याटप्प्याने कृती

द्राक्षबाग असो, डाळिंबाचा मळा असो की टोमॅटोचा प्लॉट, फवारणीच्या तयारीची एक जागा ठरलेली असते. तिथे टाकी भरतात, ब्लोअर धुतात, पुड्या फाडतात आणि उरलेलं द्रावण ओततात. पाणी जवळ हवं म्हणून ही जागा बहुतेक वेळा विहिरीच्या किंवा बोअरच्या शेजारीच असते. अख्ख्या शेतात पसरलेल्या औषधापेक्षा या तीन-चार चौरस मीटरमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं औषध मला जास्त घातक वाटतं, कारण ते पिण्याच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर असतं.

अशा मातीसाठी प्रकाश-उत्प्रेरकाचा, म्हणजे उजेड पडला की रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाचा उपाय सुचवला जातो. पांढरी पावडर मातीत मिसळायची, ऊन द्यायचं आणि औषधाचे रेणू तुटतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे खरं आहे. अडचण एकच, आणि या लेखातली प्रत्येक पायरी तिच्याभोवती फिरते: उजेड मातीत शिरत नाही. सूर्यप्रकाशाचा थेट परिणाम मातीच्या वरच्या ०.२ ते ०.३ मिलिमीटरपर्यंतच होतो. खाली अंधार असतो, आणि अंधारात महागातला महाग उत्प्रेरकही काही करत नाही. म्हणून माती उजेडात कशी आणायची, किंवा मातीतलं औषध उजेडात कसं आणायचं, एवढाच खरा प्रश्न उरतो.

पुढची कृती एखाद्या कृषी किंवा विज्ञान महाविद्यालयाला, शेतकरी उत्पादक कंपनीला किंवा पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेला प्रयोगशाळेच्या मदतीने करता येईल अशी आहे. एकट्या शेतकऱ्याने नुसती पावडर आणून हे करू नये. कारणं पुढे येतीलच.

मातीत नेमकं काय घडतं

अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील किरण पडले की पाण्याचं विघटन होऊ शकतं. आजचं बरंचसं प्रकाश-उत्प्रेरण त्या कामाच्या पायावर उभं आहे. किरणातली ऊर्जा पुरेशी असेल तर उत्प्रेरकातला इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो आणि मागे धन प्रभाराची पोकळी राहते. इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला पकडतो, पोकळी पाण्याला. त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. हे मूलक अतिशय आक्रमक असतात, पण निमिषार्धही टिकत नाहीत. शेजारी जे सापडेल त्यावर तुटून पडतात आणि संपतात.

यातून कामाच्या तीन गोष्टी निघतात. उजेड, ओल आणि हवा तिन्ही एकाच वेळी लागतात. औषधाचा रेणू उत्प्रेरकाच्या कणाला जवळजवळ चिकटूनच असावा लागतो. आणि मूलकाला औषध व ह्यूमस यांतला फरक कळत नाही. जमिनीचा सेंद्रिय कर्बही तो त्याच झपाट्याने जाळतो.

कोणता उत्प्रेरक कोणत्या प्रकाशावर चालतो हे काढायला सोपं गणित आहे. १२४० ला त्या पदार्थाच्या ऊर्जा-अंतराने, म्हणजे इलेक्ट्रॉनला ती उडी मारायला लागणाऱ्या ऊर्जेने (इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) भागायचं, उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज या स्फटिकरूपाचं अंतर ३.२, म्हणजे ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड लांबीचे किरण हवेत. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अतिनीलचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के. बाकीचं ऊन माती तापवतं आणि वाळवतं.

पायरी १: ही पद्धत तुमच्या मातीला लागू पडते का

सेंद्रिय रसायनं तुटतात: कीटकनाशकं, बुरशीनाशकं, रंगद्रव्यं, फिनॉल, जळक्या ऑइलमधले बहुचक्रीय हायड्रोकार्बन. धातू तुटत नाहीत. द्राक्षबागेच्या फवारणीच्या जागेत बोर्डो मिश्रणातलं, म्हणजे मोरचूदाचं तांबं हमखास साचलेलं असतं, आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकातून आलेलं मँगनीज व जस्तही. उन्हात कितीही दिवस ठेवलं तरी ते तेवढंच राहणार. प्रयोगशाळेला पहिल्याच खेपेला तांब्याची तपासणी सांगा. तांबं फार जास्त निघालं तर औषध तोडूनही ती माती शेतात परत टाकण्याजोगी होणार नाही, आणि मग हा सगळा खटाटोप कशासाठी, याचा आधीच विचार झालेला बरा.

दुसरा प्रश्न जमिनीच्या जातीचा. महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर, सामू (पीएच) ७.५ ते ८.५ च्या आसपास आणि बऱ्याच ठिकाणी मुक्त चुना. चुनखडीतून येणारे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलक गिळतात. चिकणमातीचे पापुद्रे औषधाला आपल्या थरांत दडवून ठेवतात. कोकणातली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी आणि लोहाने भरलेली. तिथलं लोह उजेड शोषून घेतं खरं, पण योग्य परिस्थितीत तेच उत्प्रेरणाला हातभारही लावतं. नदीकाठच्या पोयट्याच्या, वाळूमिश्रित जमिनीत काम सगळ्यात सोपं जातं. परदेशातल्या शोधनिबंधांत ८०-९० टक्के घट दिसली की आधी त्यांनी कोणती माती वापरली ते बघा. पुष्कळदा ती धुतलेली वाळू किंवा प्रयोगशाळेत नुकतंच औषध घातलेली माती असते. दहा वर्षं मुरलेल्या औषधाची गोष्ट वेगळी.

तिसरा प्रश्न खोलीचा. दूषण वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असेल तर माती उकरून पसरवता येते. त्याखाली गेलं असेल तर थेट पायरी ८ कडे जा.

पायरी २: नमुना

नेहमीच्या माती परीक्षणासाठी आपण नागमोडी फिरून, खड्डे घेऊन, सगळी माती एकत्र करतो. इथे तसं करू नका. ० ते ५, ५ ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे तीन थर वेगवेगळे काढा, कारण खोली हाच निर्णयाचा मुद्दा आहे. टाकीच्या तोटीखालून एक, पाणी वाहून जातं त्या उताराच्या बाजूने एक, आणि फवारणी न झालेल्या बांधावरून एक तुलनेसाठी.

नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका. काही औषधं प्लॅस्टिकला चिकटतात. गडद रंगाची काचेची बरणी घ्या, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल लावा, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. उन्हात तर अजिबात वाळवू नका, नाहीतर जी क्रिया मोजायची तीच नमुन्यात आधी होऊन बसते.

औषधांच्या अंशाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करावी. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि अवशेष तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळाही तिथेच आहे. द्राक्षपट्ट्यातल्या लोकांना ती ठाऊक आहे. औषधाच्या अंशासोबत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना, पोत आणि जलधारण क्षमता एवढं मागवा.

पायरी ३: उत्प्रेरक निवडणं

सुरुवातीला टायटॅनियम डायऑक्साइडच घ्या, आणि तेही प्रकाश-उत्प्रेरणासाठी म्हणून विकलं जाणारं. प्रयोगशाळांमध्ये ‘पी-२५’ नावाने मिळणारी पावडर जगभर मापदंड म्हणून वापरतात. तिच्यात साधारण ८० टक्के ॲनाटेज आणि २० टक्के रुटाइल हे दुसरं स्फटिकरूप असतं, कण २१ नॅनोमीटरच्या आसपास, आणि एका ग्रॅमचं पृष्ठफळ सुमारे ५० चौरस मीटर. रंगाच्या दुकानातलं टायटॅनियम स्वस्त असतं, पण चालत नाही. भिंतीचा रंग उन्हात उडू नये म्हणून ते मुद्दाम रुटाइल रूपात बनवतात आणि त्यावर ॲल्युमिना-सिलिकाचा लेप चढवतात. म्हणजे आपल्याला हवा तो गुण त्यातून आधीच काढून टाकलेला असतो.

झिंक ऑक्साइड उन्हात जवळपास तेवढंच काम करतं. पण आम्लधर्मी मातीत ते विरघळतं आणि जस्ताचं प्रमाण वाढून सूक्ष्मजीवांना बाधतं. ज्या मातीत मॅन्कोझेबचं जस्त आधीच आहे तिथे मी ते घालणार नाही.

दृश्य प्रकाशावर चालणारा, धातू नसलेला पर्याय म्हणजे ग्राफाइटसारखी रचना असलेलं कार्बन नायट्राइड. त्याचं ऊर्जा-अंतर २.७, म्हणून ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा उजेडही त्याला चालतो. झाकणाच्या मुशीत मेलामाइन किंवा युरिया ५५० अंश सेल्सिअसला तापवला की ते तयार होतं. युरियापासून हाती थोडंच लागतं आणि अमोनियाचे लोट निघतात, त्यामुळे धूर ओढून घेणारी कपाटव्यवस्था नसेल तर भट्टीला हात लावू नका. महाविद्यालयाला हा पर्याय परवडतो, आणि टायटॅनियमच्या शेजारी त्याचा एक संच ठेवला तर तुलना चांगली होते.

मात्रा मातीच्या वजनाच्या १ टक्का धरा. यापेक्षा जास्त घातल्याने फायदा तितक्या पटीत वाढत नाही, कारण पांढरे कण एकमेकांवरच सावली धरतात. आता हाच १ टक्का शेताला लावून बघा. एक एकराचा १५ सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे ६०० घनमीटर, जवळपास ८०० टन माती. त्याला ८ टन उत्प्रेरक लागेल, आणि ते मिसळल्यावरही वरचा अर्धा मिलिमीटरसुद्धा नीट उजेडात येणार नाही. शेतभर पावडर फेकण्याचा सल्ला कोणी दिला तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

हाताळताना काळजी घ्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणारी टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ ‘मानवात कर्करोगाची शक्यता असलेल्या’ गटात ठेवली आहे. एन-९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे घाला. वजन करणं सोडून पावडर कोरडी हाताळायची नाही. लगेच पाण्यात कालवायची.

पायरी ४: ट्रे मांडणं

थेट खळ्यावर जाऊ नका. आधी ट्रेमधला प्रयोग करा, त्याला साधारण १० किलो माती पुरते. माती सावलीत वाफशाला आणा, ढेकळं फोडा आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. गोटे आणि मुळ्या बाजूला ठेवा, फेकू नका, त्यांच्यावरही औषध असतं.

स्टीलचे किंवा एनॅमलचे ४० बाय ३० सेंटिमीटरचे उथळ ट्रे घ्या. प्लॅस्टिक टाळा, उत्प्रेरक उन्हात प्लॅस्टिकलाही खातो. प्रत्येक ट्रेमध्ये ६०० ग्रॅम माती पसरली की साधारण ५ मिलिमीटरचा थर होतो. १ टक्क्याने ६ ग्रॅम उत्प्रेरक लागेल. तो १०० मिलिलिटर पाण्यात चांगला ढवळून, शक्य असेल तर ध्वनिलहरींच्या टबात दहा-पंधरा मिनिटं धरून, मातीवर ओतत कालवा. ज्या ट्रेमध्ये उत्प्रेरक नाही तिथेही तेवढंच पाणी घालून तेवढंच कालवा.

ट्रेचे चार प्रकार करा, प्रत्येकाचे तीन:

- माती, उत्प्रेरक आणि ऊन
- माती आणि ऊन, उत्प्रेरक नाही
- माती आणि उत्प्रेरक, अंधारात
- नुसती माती, अंधारात

या चारांपैकी एकही वगळू नका. ओल्या मातीतले जिवाणू औषध खातात, उष्णतेने औषध उडून जातं आणि नुसत्या उन्हानेही काही तुटतं. हे सगळं उत्प्रेरकाच्या खात्यावर जमा झालं की प्रयोग खोटा पडतो. अंधारातले ट्रेही उन्हातच ठेवायचे. वर फॉइल, आणि फॉइल व मातीत बोटभर हवा. ते खोलीत सावलीत ठेवले तर तापमान वेगळं पडतं आणि तुलना निरर्थक होते.

ट्रेवर झाकण घालायचं तर खिडकीची साधी पातळ काच चालते, तिच्यातून ३५० नॅनोमीटरपुढचे अतिनील किरण बऱ्यापैकी येतात. पॉलिकार्बोनेटचा पत्रा किंवा अतिनील-रोधक शेडचा कागद वापरू नका. दिसायला पारदर्शक असला तरी नेमका हवा तो किरण तो अडवतो. एका ट्रेवर काच असेल तर सगळ्यांवर हवी, आणि हवा खेळावी म्हणून कडेला फट ठेवायची.

पायरी ५: ओल सांभाळणं

माझ्या मते सगळ्यात जास्त प्रयोग इथे फसतात. शेतकऱ्याला वाफसा हाताला कळतो: मूठ आवळली की गोळा होतो, सोडली की फुटतो. आपल्याला नेमकी तीच अवस्था हवी. कोरड्या मातीत मूलक बनत नाहीत आणि औषध कणापर्यंत सरकत नाही. चिखल झाला तर हवा कोंडते आणि पाण्याचा थर उजेडाच्या आड येतो. जलधारण क्षमतेच्या निम्मी ते दोन-तृतीयांश ओल धरून चाला.

आता अंक बघा. ६०० ग्रॅम मातीत १५० ग्रॅम पाणी असेल, तर ट्रेच्या ०.१२ चौरस मीटरवर ते सव्वा मिलिमीटर भरतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी उघड्यावर ते तास-दीड तासात उडून जातं. म्हणून दर तासाला ट्रे तराजूवर ठेवा आणि जेवढं वजन घटलं तेवढं पाणी बारीक फवाऱ्याने द्या. पाणी ऊर्ध्वपातित किंवा आरओचं. बोअरच्या जड पाण्यातलं बायकार्बोनेट दर फवाऱ्याला मातीत साठत जातं आणि दोन-तीन दिवसांत मूलक त्यातच खर्ची पडू लागतात.

पायरी ६: ऊन देणं आणि ऊन मोजणं

५ मिलिमीटरच्या थरात एका वेळी जेमतेम ६ टक्के माती उजेडात असते. म्हणून ती हलवावी लागते. अंगणात वाळवण घातल्यावर बायका धान्यातून पाय ओढत सऱ्या पाडतात आणि मग त्या मोडतात, तसंच लाकडी दंताळ्याने दर अर्ध्या तासाला सऱ्या पाडायच्या आणि मोडायच्या. उत्प्रेरक नसलेल्या आणि अंधारातल्या ट्रेमध्येही तितक्याच वेळा. अंधारातले ट्रे सावलीत नेऊन पटकन हलवा.

महाराष्ट्रात फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम, सकाळी १० ते दुपारी ४ ही वेळ. पावसाळ्यात हे काम मांडूच नका. ढगापेक्षाही वाहून जाणाऱ्या पाण्याची भीती मोठी.

‘सात दिवस ऊन दिलं’ असं लिहिण्याला फारसा अर्थ नाही. नाशिकचा जानेवारी आणि नागपूरचा मे यांचं ऊन एकसारखं नसतं. स्पेनमध्ये अल्मेरियाजवळच्या सौर संशोधन केंद्रात, जिथे प्रकाश-उत्प्रेरणाने पाणी शुद्ध करण्यावर अनेक वर्षं काम झालं आहे, प्रमाणित वेळेची रीत वापरतात. प्रति चौरस मीटर ३० वॅट अतिनील हे प्रमाण धरायचं, प्रत्यक्ष वाचन त्याने भागायचं आणि मिनिटांनी गुणायचं. दुपारी ११ ते १२ सरासरी ४५ वॅट असेल तर ६० मिनिटांची ९० प्रमाणित मिनिटं होतात. संध्याकाळी ४ ते ५ मध्ये १५ वॅट असेल तर ६० ची ३०. अतिनील मापकाचं वाचन दर अर्ध्या तासाला वहीत लिहा आणि बेरीज करत जा. मग तुमचा आकडा सोलापूरच्या माणसालाही वापरता येतो.

पायरी ७: किती तुटलं आणि कशात तुटलं

प्रयोग सुरू होण्याआधी, पहिल्या दिवसाअखेर, मग तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी नमुने घ्या. प्रत्येक वेळी थर पूर्ण हलवून, पाच जागांहून चिमूट-चिमूट घेऊन. लगेच गोठवा.

इथे एक फसवा दगड आहे. टायटॅनियमचे कण औषध स्वतःकडे धरून ठेवतात. प्रयोगशाळेचा द्रावक ते सोडवू शकला नाही तर औषध ‘नाहीसं झालं’ असं दिसतं. म्हणून उत्प्रेरक मिसळलेल्या स्वच्छ मातीत ठरावीक औषध घालून ते किती परत मिळतं हे आधी तपासून घ्या. अवशेष तपासणीत ७० ते १२० टक्के परतावा मान्य धरतात. त्याखाली आला तर पुढचा कुठलाही आकडा विश्वासाचा नाही.

मूळ औषध संपलं म्हणजे माती साफ झाली असंही नाही. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक तुटताना त्याचा ऑक्सॉन नावाचा उपपदार्थ तयार होऊ शकतो. तो मज्जासंस्थेतल्या विकराला मूळ औषधापेक्षा जोरात रोखतो. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक तुटून ६-क्लोरोनिकोटिनिक आम्ल उरतं. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी आणली, पण जुन्या मातीत त्याचं सल्फेट रूप आजही महत्त्वाचं आहे. मागणीपत्रात या उपपदार्थांची नावं स्पष्ट लिहा, नाहीतर प्रयोगशाळा फक्त मूळ औषधाचा आकडा देऊन मोकळी होते.

रासायनिक तपासणीला जीवांच्या चाचणीची जोड द्या. गांडूळखताच्या बेडवर वाढणारं आयसेनिया फेटिडा हे गांडूळ आंतरराष्ट्रीय चाचण्यांतही मानक म्हणून वापरतात. एका डब्याच्या एका बाजूला साफ केलेली माती आणि दुसऱ्या बाजूला बांधावरची स्वच्छ माती भरा, मधोमध दहा गांडुळं सोडा आणि ४८ तासांनी ती कुठल्या बाजूला आहेत ते मोजा. बहुतेक सगळी स्वच्छ बाजूला पळाली असतील तर तुमची माती अजून साफ नाही. यंत्राला न सापडलेला उपपदार्थही गांडुळाला जाणवतो. सोबत मुगाची उगवण आणि मुळीची लांबी मोजा, आणि सेंद्रिय कर्ब पुन्हा तपासा.

आकड्यांचं वाचन असं करा. समजा दहा दिवसांनी उत्प्रेरक आणि ऊन असलेल्या ट्रेमध्ये ३० टक्के औषध उरलं, नुसत्या उन्हात ४५ टक्के, आणि अंधारातल्या दोन्ही प्रकारांत ८२ टक्के. अहवालात ‘७० टक्के घट’ लिहिण्याचा मोह होईल. पण त्यातली ५५ टक्के घट पावडर न घालताही झालीच असती. सुरुवातीच्या प्रमाणाला उरलेल्या प्रमाणाने भागून त्याचा नैसर्गिक लघुगणक घ्या आणि दिवसांनी भागा: ०.१२, ०.०८ आणि ०.०२. ०.६९३ ला या दराने भागलं की निम्मं होण्याचा काळ निघतो: सुमारे ६ दिवस, ९ दिवस आणि ३५ दिवस. आता खर्चाचा प्रश्न नीट विचारता येतो: निम्मं होण्याचे तीन दिवस वाचवायला एवढा उत्प्रेरक घालायचा, की नुसती माती पातळ पसरून रोज हलवत आणखी काही दिवस ऊन द्यायचं? अशा आकड्यांवर मी पावडर घालणार नाही. मातीत कायम राहणारी वस्तू घालण्याआधी फरक याहून ठळक दिसायला हवा.

फरक ठळक दिसला, तरच खळ्यावर जा. २ बाय २ मीटरची जागा १५ सेंटिमीटर उकरली तर साधारण ८०० किलो माती निघते. ५ मिलिमीटरने पसरायला १६० चौरस मीटर लागतात, किंवा ४० चौरस मीटरच्या खळ्यावर चार खेपा. खाली जाड ताडपत्री, चारही बाजूंनी विटांचा बांध, वारा सुटला की वर झाकायला दुसरी ताडपत्री. कोंबड्या आणि पोरं तिकडे फिरकणार नाहीत अशी जागा निवडा.

पायरी ८: दूषण खोल असेल तर औषध पाण्यात काढा

माती उजेडात आणणं जमत नसेल तिथे औषध पाण्यात उतरवून ते पाणी उजेडात न्यायचं. एक भाग मातीला पाच भाग पाणी, औषध मातीतून सुटावं म्हणून पाण्यात थोडं पॉलिसॉर्बेट-८० (साबणासारखा पदार्थ) किंवा सायक्लोडेक्स्ट्रिन, दोन-तीन तास घुसळणं, आणि मग निवळू देणं. वाळूमिश्रित मातीला हे फार छान लागू पडतं. काळ्या मातीचं गढूळ पाणी मात्र दिवसेंदिवस बसत नाही. थोडं जिप्सम टाकलं की कॅल्शियममुळे चिकणमातीच्या गुठळ्या होऊन ती खाली बसते. साबणासारखा पदार्थ जपून वापरा, तोही मूलक खातो आणि औषधाच्या वाट्याला कमी उरतात.

निवळलेल्या पाण्यात लिटरमागे ०.२ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड पुरतं. मातीतल्या १ टक्क्याशी तुलना केली तर बचत किती ते कळेल. पाणी काचेच्या नळ्यांतून पंपाने फिरवत ठेवा. नळ्यांमागे वाकवलेले ॲल्युमिनियमचे आरसे असले तर उत्तम, नाहीतर उथळ स्टीलची परातही चालते. काम झाल्यावर सामू ७ च्या जवळ आणला की कणांवरचा प्रभार जवळपास शून्य होतो, ते एकमेकांना चिकटतात आणि रात्रभरात तळाशी बसतात. ते पुन्हा वापरता येतात. मातीत घातलेले कण मात्र कधीच परत मिळत नाहीत.

लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी पाण्यात याहूनही वेगाने काम करते. तिला सामू २.८ च्या आसपास हवा असतो. काळ्या मातीच्या धुणावळीत चुना असल्याने तेवढं आम्ल ओतणं परवडत नाही. लोहाला सायट्रेट किंवा ऑक्झलेटची साथ दिली तर उदासीन सामूच्या जवळही ते चालतं. पेरॉक्साइडचं तीव्र द्रावण त्वचा भाजतं, ते विद्यार्थ्यांच्या हाती एकट्याने देऊ नका.

पायरी ९: साफ झालेल्या मातीचं काय करायचं

उत्प्रेरक मिसळलेली माती भाजीपाल्याच्या वाफ्यात परत टाकू नका. बारीक टायटॅनियम त्यात राहणार आहे, आणि उन्हात वरच्या थरात ते काम करतच राहील, सेंद्रिय कर्बावरसुद्धा. ते किती उरलंय हे मोजणंही सोपं नाही, कारण दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आणि त्यापासून बनलेल्या काळ्या मातीत इल्मेनाइटसारख्या खनिजांच्या रूपात टायटॅनियम मुळातच असतं. त्यामुळे एकूण टायटॅनियमचा आकडा बघून कोणी घाबरू नये, आणि त्याच आकड्यावरून ‘काही उरलं नाही’ असंही म्हणू नये.

ही माती वाहत्या पाण्यापासून दूर, झाडांच्या पट्ट्यात टाका, वर चांगल्या कंपोस्टचा आणि पाचटाचा थर द्या. वरचा थर ऊन अडवतो आणि उरलेल्या तुकड्यांचं काम जिवाणूंकडे जातं. मूलकांनी रेणूची कणखर कडी तोडली की बरेचदा पुढचं जिवाणूंना पचतं. ज्या औषधांना जिवाणू आधीपासूनच खातात तिथे मी उत्प्रेरकाआधी कंपोस्टच वापरून बघेन.

दूषण कारखान्याच्या सांडपाण्याचं किंवा टाकून दिलेल्या रसायनाच्या पिंपांचं असेल तर स्वतः उकराउकर करू नका. ती माती घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येऊ शकते, आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियमही काढले आहेत. आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या.

उकरलेली जागा मोकळी झाली की तिथे लगेच टाकी ठेवू नका. आधी सिमेंटचा कोबा करा, कडेला बोटभर उंच कठडा द्या आणि उताराच्या टोकाला एक खड्डा ठेवा. स्वीडनमध्ये १९९३ पासून शेतकरी अशा खड्ड्यात निम्मा पेंढा, पाव भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) आणि पाव भाग माती भरतात. सांडलेलं औषध त्यात अडकतं आणि बुरशी-जिवाणू ते खातात. आपल्याकडे पीटच्या जागी चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि पेंढा म्हणून गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा वापरून बघता येईल. वर पत्र्याचं छप्पर हवं, नाहीतर पहिल्याच पावसात खड्डा भरून सगळं विहिरीकडे जाईल. खड्ड्यातलं मिश्रण दरवर्षी खाली बसतं, तेवढी भर फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी घाला, आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना पावसाळ्यानंतर एकदा तपासायला पाठवा.